डिझाइनचं कॉलेज नेमकं काय देतं?

दहावी-बारावीचे निकाल लागले की दरवर्षी ओळखीपाळखीतून फोन येऊ लागतात. मुलगी छान चित्रं काढते, इंटरमिजिएटला ‘ए’ ग्रेड आहे, वहीच्या मागच्या पानांवर सतत काहीतरी चाललेलं असतं. तिला डिझाइनला घालावं का? पूर्वी या प्रश्नामागे पोट भरेल का, ही काळजी असायची. आता वेगळीच शंका पुढे येते. सॉफ्टवेअर यूट्यूबवर फुकट शिकता येतं, लोगो संगणक मिनिटभरात करून देतो, मग चार वर्षं आणि काही लाख रुपये कशासाठी घालायचे?

शंका रास्त आहे. कॉलेजच्या चार भिंतींत दिवसभर काय चालतं हे बाहेरच्याला फारसं माहीत नसतं, म्हणून तिचं उत्तरही मिळत नाही. मी स्वतः उपयोजित कला शिकले, पंचवीसेक वर्षं पुस्तकं, वेष्टनं आणि पाट्यांचं काम करते आहे, आणि अधूनमधून परीक्षक म्हणून कॉलेजांत जाते. माझं मत आधीच सांगून टाकते. आपलं काम चारचौघांसमोर भिंतीला लावायचं, ते कुठे फसलं हे ऐकायचं आणि घरी जाऊन पुन्हा करायचं, ही सवय चांगलं कॉलेज लावतं. पदवी आणि सॉफ्टवेअर यांची किंमत त्या मानाने कमी आहे. ज्या कॉलेजात ही सवय लागत नाही, तिथली इमारत कितीही देखणी असली तरी तिथे पैसे घालू नयेत.

लोट्याची गोष्ट

डिझाइन म्हणजे सुंदर चित्र काढणं, हा समज आपल्याकडे घट्ट बसला आहे. तो दूर करायला एक लोटा पुरतो.

स्वातंत्र्यानंतर कारखान्यांत आणि लघुउद्योगांत तयार होणाऱ्या रोजच्या वापराच्या वस्तूंचा दर्जा घसरतो आहे, अशी चिंता सरकारला वाटू लागली होती. त्यावर सल्ला द्यायला चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकन डिझायनर दांपत्याला बोलावण्यात आलं. ते देशभर हिंडले, घरं, बाजार, कारागिरांचे अड्डे पाहिले आणि एप्रिल १९५८मध्ये त्यांनी आपला अहवाल दिला. देशात पाहिलेल्या असंख्य वस्तूंमध्ये त्यांनी सर्वांत वरचं स्थान दिलं ते आपल्या साध्या लोट्याला.

त्यांनी लोट्याच्या सौंदर्याचं नुसतं कौतुक केलं नाही. लोटा घडवणाऱ्यापुढे कोणकोणते प्रश्न असतील त्याची यादीच केली. एका वेळी किती पाणी न्यायचं? नेणारे हात बाईचे की पुरुषाचे, केवढे, आणि त्यांत ताकद किती? तो डोक्यावर न्यायचा, कमरेवर की हातात? रिकामा असताना तोल कुठे आणि भरल्यावर कुठे? ओतताना धार कशी पडेल? घासायला हात आत जाईल का? उन्हात कसा दिसेल, दुसऱ्या भांड्यावर आपटला तर कसा वाजेल, मोडीत घातला तर काय येईल? शेवटी, तो कुणाला भेट देताना देणाऱ्याला कसं वाटेल, इथपर्यंत ही यादी जाते.

लोटा कुणा एकाने बसून काढलेला नाही. पिढ्यान् पिढ्या वापरणाऱ्यांनी आणि घडवणाऱ्यांनी तो घासून-पुसून या रूपाला आणला. पण आज बँकेच्या मशीनचा पडदा, इन्शुलिनचं पेन, रेल्वे स्थानकावरचा फलक यांना पिढ्यांची मुदत कुणी देत नाही. ते काही महिन्यांत तयार व्हावे लागतात. पिढ्यांनी नकळत विचारलेले प्रश्न एका माणसाने चार महिन्यांत जाणीवपूर्वक विचारायचे, हे डिझायनरचं काम. ते शिकवायची जागा हवी, असा ईम्स यांच्या अहवालाचा आग्रह होता, आणि त्यातूनच १९६१मध्ये अहमदाबादला नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ डिझाइन, म्हणजे एनआयडी, उभी राहिली. गौतम आणि गिरा साराभाई या भावंडांनी तिची घडी बसवली.

मुंबई त्याआधी शंभर वर्षं

महाराष्ट्रात मात्र हा धागा बराच जुना आहे. जमशेटजी जीजीभाईंनी दिलेल्या एक लाख रुपयांच्या देणगीतून १८५७मध्ये मुंबईत कलाशाळा सुरू झाली. तीच आजची जेजे. तिचा मूळ हेतू कारागिरांना शिक्षण द्यायचा होता. १८६५मध्ये लॉकवूड किपलिंग तिथे शिकवायला आले. क्रॉफर्ड मार्केटच्या दारावरची शिल्पपट्टी त्यांची आहे. तेव्हाच्या व्हिक्टोरिया टर्मिनसवरचं, आजच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवरचं, पानाफुलांचं आणि प्राण्यांचं कोरीव काम जेजेच्या विद्यार्थ्यांच्या हातचं आहे. लोकल पकडायच्या गडबडीत आपण ते बघत नाही, पण विद्यार्थ्यांच्या प्रकल्पाचा एवढा मोठा नमुना देशात दुसरीकडे सापडणं कठीण.

१९३५मध्ये जेजेत ‘कमर्शियल आर्ट’चा स्वतंत्र विभाग निघाला. छापील जाहिरात, वेष्टन, पोस्टर करणारी माणसं गिरण्यांच्या आणि छापखान्यांच्या मुंबईला हवी होती. तोच विभाग पुढे स्वतंत्र संस्था झाला आणि ‘उपयोजित कला’ हा शब्द मराठीत रुळला. कोल्हापूरच्या भानू अथैया जेजेतूनच बाहेर पडल्या, मासिकांसाठी फॅशनची चित्रं काढू लागल्या, तिथून चित्रपटांच्या वेशभूषेकडे वळल्या, आणि ‘गांधी’साठी १९८३मध्ये ऑस्कर मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय ठरल्या.

युरोपात १९३५च्या थोडं आधी दुसरा प्रयोग झाला होता. जर्मनीत वायमार इथे १९१९मध्ये बाउहाउस सुरू झालं. तिथे प्रत्येक विद्यार्थी आधी पायाभूत अभ्यास करी आणि मग सुतारकाम, विणकाम, धातूकाम अशा एखाद्या कार्यशाळेत जाई. कार्यशाळेत कलावंत आणि कुशल कारागीर दोघेही शिकवत. १९३३मध्ये नाझी राजवटीच्या दडपणाखाली ते बंद पडलं. पण पायाभूत वर्ष आणि कार्यशाळा ही त्याची जोडी जगभर गेली. युद्धानंतर उल्म शहरात निघालेल्या शाळेने तिला शास्त्रशुद्ध पद्धतीची जोड दिली. जेजेत आणि मग उल्ममध्ये शिकलेले सुधाकर नाडकर्णी यांनी १९६९मध्ये पवईला, आयआयटी मुंबईत, इंडस्ट्रियल डिझाइन सेंटर सुरू करण्यात पुढाकार घेतला. सगळे त्याला आयडीसी म्हणतात.

पहिलं वर्ष: हात आणि डोळा

पहिल्या वर्षाला ‘फाउंडेशन’ म्हणतात, आणि पालक सर्वांत जास्त नाराज याच वर्षी होतात. मूल घरी येतं ते हात रंगाने माखलेले घेऊन, आणि सांगतं की आज दिवसभर रेघा मारल्या.

त्या रेघांमागे हेतू असतो. पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत पोस्टर कलरने पायऱ्या रंगवायच्या, आणि दोन शेजारच्या पायऱ्यांतला फरक सगळीकडे सारखा दिसला पाहिजे. ऐकायला सोपं वाटतं. करायला बसलं की कळतं, मधल्या पायऱ्या एकमेकींत मिसळतात आणि काळ्याजवळ एकदम उडी पडते. मग पुन्हा मिसळायचं, पुन्हा लावायचं, वाळू द्यायचं, कारण पोस्टर कलर ओला असताना एक दिसतो आणि वाळल्यावर दुसरा. आठवडाभराने डोळ्याला असे फरक दिसू लागतात जे आधी दिसतच नव्हते. पुढे वीस वर्षांनी छापखान्यात प्रूफ हातात आलं की लाल किंचित पिवळा पडला आहे हे क्षणात कळतं, ते या आठवड्यामुळे.

दुसरा एक स्वाध्याय बहुतेक ठिकाणी असतो: पुढ्यात काही न ठेवता सायकल काढा. साखळी कुठून कुठे जाते, पायडल कशाला जोडलेलं असतं, मागचं चाक फ्रेमला कुठे टेकतं, हे आयुष्यभर सायकल चालवलेल्यांनाही सांगता येत नाही. मग खाली स्टँडवर जाऊन सायकल बघून काढायची. दोन्ही चित्रं शेजारी लावली की आपण रोज बघतो आणि तरी पाहत नाही, हे कुणी बोलून सांगावं लागत नाही.

कागदाच्या घड्या घालून पुस्तकाचं वजन पेलणारा पूल करणं, मातीत हाताची मूठ घडवणं, कटनिबने ‘अ’ आणि ‘क’ शंभरदा गिरवणं, हे सगळं याच वर्गात मोडतं. मी शिकत असताना आमचे अक्षरलेखनाचे शिक्षक ‘क’ची गाठ बघत आणि काही न बोलता बोरू पुन्हा हातात देत. शाईचा, निबेच्या कोनाचा आणि श्वासाचा संबंध त्या टेबलाशीच समजला. फाउंडेशनचं वर्ष ज्या कॉलेजात संगणकापासून सुरू होतं, तिथे मुलांचं नुकसान होतं, असं मी ठामपणे म्हणेन.

ज्युरी

आता मुख्य मुद्द्याकडे येते.

समजा दुसऱ्या वर्षाच्या तीस विद्यार्थ्यांना एक ब्रीफ मिळालं: तालुक्याच्या एसटी स्थानकावर प्रवाशाला आपली गाडी पटकन सापडेल असे फलक करा. तीन आठवड्यांनी तीस उत्तरं भिंतीवर टाचलेली असतात. एकीने फलाटांना रंग दिले आहेत. एकाने गावांची नावं मोठी केली, पण गाडीची वेळ बारीक ठेवली. तिसऱ्याने सुंदर चित्रचिन्हं काढली. ती वीस फुटांवरून ओळखू येत नाहीत. चौथ्याच्या लक्षात आलं की म्हातारी माणसं फलक वाचतच नाहीत, कंडक्टरला विचारतात, म्हणून त्याने चौकशीची खिडकी कुठे असावी तेच आधी मांडलं.

प्रत्येकाने उभं राहून सांगायचं: काय केलं, का केलं, काय टाकून दिलं. शिक्षक आणि बाहेरून आलेले परीक्षक प्रश्न विचारतात. यालाच ज्युरी म्हणतात. नवख्या मुलाला वाटतं, आपल्यालाच बोलतायत. दोन-तीन ज्युरी झाल्या की त्याला समजतं की बोलणं भिंतीवरच्या कागदाबद्दल आहे. ज्या दिवशी हे समजतं, त्या दिवशी तो डिझायनर व्हायला लागतो. कारण पुढे ग्राहक, कारखानदार, संपादक सगळे हेच करणार आहेत, आणि तेव्हा चिडून किंवा रडून भागणार नाही.

यात शेजाऱ्याचं काम बघण्याचा वाटा फार मोठा असतो. माझ्याच ब्रीफचं मला न सुचलेलं उत्तर माझ्या बाकावरच्या मुलीने काढलं, तर ते मी जन्मभर विसरत नाही. घरी एकट्याने स्क्रीनवर शिकणाऱ्याला हे मिळत नाही. व्हिडिओतला शिक्षक कधीच “हे चालणार नाही, पुन्हा कर” म्हणत नाही. समाजमाध्यमांवर काम टाकलं तर लाइक मिळतात, पण काटा कुठे रुतला आहे ते तिथे कुणी दाखवत नाही.

ज्युरीची काळी बाजूही सांगायला हवी. काही शिक्षक अपमान करण्यालाच शिकवणं समजतात. एका कॉलेजात परीक्षक म्हणून गेले असताना एका शिक्षकाने विद्यार्थिनीचा कागद भिंतीवरून ओढून खाली टाकलेला मी पाहिला आहे. त्या कागदात काय चुकलं होतं ते तिला शेवटपर्यंत कुणी सांगितलं नाही. मराठी माध्यमातून आलेल्या मुलांवर तर दुहेरी भार पडतो. विचार पक्का असतो, काम चांगलं असतं, पण ते इंग्रजीत मांडताना जीभ अडते आणि परीक्षकाला वाटतं की विचारच झालेला नाही. अशा मुलांनी आधी मराठीत मोठ्याने मांडणी करावी, मित्रांना ऐकवावी, मग इंग्रजीत आणावी. आणि परीक्षकांनी, निदान महाराष्ट्रात तरी, मराठीत बोलू द्यावं.

वर्गाबाहेर

चांगलं कॉलेज मुलांना वर्गात फार काळ बसू देत नाही. एनआयडीत विद्यार्थी कारागिरांच्या गावी जाऊन राहतात आणि एकेका कलेची बारकाईने नोंद करतात: कच्चा माल कुठून येतो, अवजारं कोणती, पैसा कुणाच्या हातात जातो. १९७०च्या दशकात आयआयएम अहमदाबादच्या रवी मथाईंनी राजस्थानातल्या जवाजा इथे विणकर आणि चर्मकारांबरोबर काम सुरू केलं, त्यात एनआयडीची माणसंही होती. नव्या वस्तू सुचवण्याइतकंच, त्या कारागिरांना दलालाविना करता आणि विकता याव्यात हेही तिथलं डिझाइनचं काम मानलं गेलं.

कॉलेजात झालेलं कामही असंच बाहेर पोचतं. मतदान यंत्र तर आपल्या सगळ्यांच्या हाताखालून गेलं आहे. त्याचं रूप आयडीसीतल्या ए. जी. राव आणि रवी पूवय्या या प्राध्यापकांनी ठरवलं. वाचता न येणाऱ्या माणसालाही न विचारता मत देता आलं पाहिजे, आणि आपलं मत नोंदलं गेलं याची खूण मिळाली पाहिजे. नावापुढे चिन्ह, चिन्हासमोर निळं बटण, दाबलं की लाल दिवा आणि लांब शिट्टी. डोळ्याला, हाताला आणि कानाला एकेक खूण दिलेली आहे. इथे सजावटीला जागाच नव्हती. डिझाइनच्या मुलांना मी पहिलं उदाहरण हेच देते.

र. कृ. जोशी आणि मराठी अक्षर

एका शिक्षकामुळे काय घडू शकतं, याचा आपल्या भाषेतला पुरावा म्हणजे रघुनाथ कृष्ण जोशी. मराठी वाचकांना ते कवी म्हणून ठाऊक आहेत. जेजेत शिकलेले जोशी ‘उल्का’ या जाहिरात संस्थेत मोठ्या पदावर होते, आणि तिथून आयडीसीत शिकवायला आले.

देवनागरी अक्षर यंत्रावर आणताना त्याची फार मोडतोड झाली होती. शिशाच्या खिळ्यांत जोडाक्षरं तोडावी लागत, टंकलेखन यंत्राच्या मोजक्या कळांत वेलांटी आणि रफार कुठेतरी दाटीवाटीने बसवावे लागत. ‘द्ध’, ‘क्ष्म’, ‘र्त्य’ अशी अक्षरं म्हणजे डोकेदुखी. जोशींचं म्हणणं असं की यंत्राच्या सोयीसाठी अक्षर वाकवू नये. हस्तलिखितं, शिलालेख, बोरूची वळणं यांचा अभ्यास करून अक्षराचा स्वभाव आधी समजून घ्यावा आणि मग यंत्राला तो पेलायला लावावा. संगणक आल्यावर हे शक्य झालं. विंडोजबरोबर आलेला ‘मंगल’ हा फॉन्ट त्यांचा. सरकारी परिपत्रकापासून गावातल्या डीटीपीवाल्यापर्यंत ज्यांनी विंडोजवर युनिकोडमध्ये मराठी टंकलं, त्यांतल्या अनेकांनी तो वापरला आहे.

जोशी २००८मध्ये गेले, पण त्यांच्या वर्गात बसलेल्यांनी आणि पुढे त्यांच्या विद्यार्थ्यांच्या विद्यार्थ्यांनी भारतीय लिप्यांचं काम हातात घेतलं. मराठी ‘ल’ आणि ‘श’ यांचं वळण हिंदीपेक्षा वेगळं असतं. ‘वऱ्हाड’ आणि ‘तऱ्हा’ यांतला ऱ्ह हिंदीत लागत नाही. फॉन्टमध्ये या गोष्टी बसल्या पाहिजेत, हे आता गृहीत धरलं जातं. मुंबईच्या ‘एक टाइप’ या गटाचे ‘बालू’ आणि ‘मोदक’ हे फॉन्ट आज कुणालाही फुकट वापरता येतात. त्या गटात जेजे आणि आयडीसीत शिकलेली माणसं आहेत. १५ जुलै २०१०ला सरकारने रुपयाचं चिन्ह स्वीकारलं, ते काढणारे डी. उदय कुमारही आयडीसीत संशोधन करत होते. ‘र’वर ओढलेल्या त्या दोन आडव्या रेघांत आपली शिरोरेषा आहे.

हे एका माणसाच्या हातून घरी बसून झालं नसतं. त्यासाठी वर्ग, ग्रंथालय, संशोधनाला मोकळा वेळ आणि शिकवण्याचा पगार लागतो, आणि हे सगळं संस्थाच देऊ शकते.

कॉलेजविना घडलेले

मग कॉलेजची पायरी न चढता मोठे झालेले लोक? आहेत, आणि त्यांच्याकडे नीट बघायला हवं.

जावजी दादाजी चौधरी लहानपणी अमेरिकन मिशनच्या छापखान्यात खिळे घासायच्या कामाला लागले. पुढे त्यांनी निर्णयसागर छापखाना काढला आणि त्या छापखान्याची देवनागरी अक्षरं देशात नमुना मानली गेली. कोल्हापूरचे बाबूराव पेंटर कारागिराच्या घरात वाढले. चित्र, शिल्प, नाटकाचे पडदे, चित्रपटाची पोस्टरं, इतकंच काय, कॅमेराही त्यांनी स्वतः घडवला. कमल शेडगे यांनी अक्षरांचे धडे वडिलांकडे आणि टाइम्स ऑफ इंडियाच्या कलाविभागात गिरवले. मराठी नाटकांच्या जाहिरातींतली त्यांची शीर्षकं अशी होती की नाव वाचायच्या आधी नाटकाची जात कळायची.

तिघांकडे पदवी नव्हती. पण तिघेही एकटे नव्हते. जावजींना खिळ्यांची ओतशाळा होती, पेंटरांना घर आणि कोल्हापूरच्या कारागिरांची गल्ली होती, शेडग्यांना वडील आणि वृत्तपत्राची रोजची मुदत होती. हातातलं काम बघून “हे पुन्हा कर” म्हणणारं माणूस तिघांनाही लाभलं. आज तशी ओतशाळा राहिली नाही, वृत्तपत्रांचे कलाविभाग आटले, साइनबोर्ड रंगवणाऱ्या पेंटरचं दुकान फ्लेक्सने बंद पाडलं. उमेदवारी करायच्या जागाच कमी झाल्या, म्हणून कॉलेजचं महत्त्व वाढलं आहे. ज्याला आजही एखाद्या चांगल्या स्टुडिओत, सुताराकडे, छापखान्यात चार वर्षं मन लावून काम करायला मिळत असेल, त्याने कॉलेज चुकलं म्हणून खंत करू नये.

कॉलेजात जे मिळत नाही

दर कसा सांगायचा, हे बहुतेक कॉलेजं शिकवत नाहीत. पहिल्या कामाचे पैसे किती मागावेत, आगाऊ रक्कम घ्यावी की नाही, किती वेळा बदल करून द्यायचे हे आधी लिहून ठेवावं की नाही, याबाबत मुलं कोरी असतात. माझ्या पहिल्या मोठ्या कामाचे पैसे बुडाले, कारण कागदावर काहीच नव्हतं. कराराचा साधा नमुना कॉलेजने चौथ्या वर्षी हातात दिला असता तर ते टळलं असतं.

छापखान्याशीही अनेकांची ओळख नसते. कागदाचं वजन, ब्लीड, चार रंगांचं गणित, डाय कटिंग ही भाषा मशीनजवळ उभं राहूनच येते. आणि सॉफ्टवेअर? ते दर दोन-तीन वर्षांनी बदलतं. आता तर वर्णन टंकलं की चित्र तयार होतं. नुसतं सॉफ्टवेअर चालवणाऱ्याची रोजी त्यामुळे धोक्यात आली आहे, हे खरं आहे. समोर आलेल्या पन्नास चित्रांतलं कोणतं का चालेल हे सांगू शकणाऱ्याचं काम मात्र वाढलं.

नोकरीच्या मुलाखतीत पदवी सहसा शेवटी बघतात. आधी पोर्टफोलिओ उघडतात. मी माणसं घेते तेव्हा तयार कामापेक्षा त्याच्या आधीच्या कच्च्या आराखड्यांकडे जास्त वेळ बघते.

प्रवेश आणि पैसा

बारावीची कोणतीही शाखा चालते, हे अजून अनेक पालकांना माहीत नसतं. एनआयडीची स्वतःची दोन टप्प्यांची परीक्षा आहे. दुसऱ्या टप्प्यात हाताने वस्तू करून दाखवावी लागते. आयआयटी मुंबई ‘युसीड’ ही परीक्षा घेते. मुंबई, दिल्ली, गुवाहाटी, हैदराबाद अशा आयआयटींतल्या बी.डेस. या पदवीला त्यातून जाता येतं. फॅशनसाठी ‘निफ्ट’ ही संस्था आहे, तिचं एक केंद्र नवी मुंबईत आहे. राज्यातल्या कला महाविद्यालयांत बीएफएच्या उपयोजित कला शाखेसाठी राज्याची सीईटी द्यावी लागते. गोव्यातल्या मुलांना पणजीचं गोवा कला महाविद्यालय जवळचं.

खर्चात जमीन-अस्मानाचा फरक आहे. राज्यातल्या शासकीय कला महाविद्यालयांची फी इतरांच्या मानाने अगदी कमी, आणि तिथे आरक्षण व शिष्यवृत्त्या लागू होतात. एनआयडी-आयआयटीला लाखांत खर्च येतो. खासगी विद्यापीठांत तो त्याहून बराच पुढे जातो. माझा सल्ला रोखठोक आहे: जमीन किंवा दागिने गहाण ठेवून नवख्या खासगी संस्थेत मुलाला घालू नका. शासकीय कॉलेजात प्रवेश घ्या, आणि वाचलेल्या पैशांत सुट्ट्यांत चांगल्या स्टुडिओत इंटर्नशिप करू द्या, प्रवास करू द्या, पुस्तकं घ्या.

कॉलेज बघायला जाताना

माहितीपत्रकातल्या फोटोंवर जाऊ नका. शनिवार-रविवारच्या ‘ओपन हाउस’लाही नको, साध्या कामाच्या दिवशी दुपारी जा. कार्यशाळेला कुलूप आहे का ते बघा. मशीनवर भुसा, धूळ, रंग सांडलेला दिसला तर ती वापरात आहेत. शिकवणाऱ्यांपैकी कितीजण स्वतः काम करतात, ते विचारा. ग्रंथालयातल्या पुस्तकांचे कोपरे झिजलेले आहेत का, तेही बघा.

बहुतेक कला आणि डिझाइन कॉलेजांची वार्षिक प्रदर्शनं लोकांसाठी खुली असतात. प्रवेशाच्या एक वर्ष आधीच मुलाला तिथे घेऊन जा. शेवटच्या वर्षाच्या एखाद्या विद्यार्थ्यासमोर थांबा आणि एवढंच विचारा, “हे आधी कसं होतं?” तो टेबलाखालून टाकून दिलेल्या कागदांची थप्पी काढून प्रत्येक कागद का टाकला ते सांगू लागला, तर त्या कॉलेजचा फॉर्म भरा.